मंत्रमुग्ध नको, गुण सांगा

गोव्यातल्या कोणत्याही मराठी दैनिकाचं सांस्कृतिक पान उघडा आणि मैफलीचा वृत्तांत वाचा. गायक कुणीही असो, श्रोते मंत्रमुग्ध झालेले असतात. संवादिनीची साथ समर्पक असते, तबल्याची तोलामोलाची. सूत्रसंचालन ओघवतं, सांगता भैरवीने, मग आभार. नवा अल्बम निघाला तर मान्यवरांच्या हस्ते प्रकाशन, दीपप्रज्वलन आणि शुभेच्छा. आतली गाणी कशी झालीत याबद्दल अवाक्षर नाही. गंमत अशी की वृत्तांत लिहिणारा, आयोजक आणि पहिल्या रांगेतले मान्यवर कार्यक्रमानंतर मंडपामागे चहा पिताना जे बोलतात ते ऐकलं, तर ही मंडळी वेगळ्याच मैफलीला बसली होती की काय असं वाटावं. 'पंचमावर टेकलाच नाही.' 'ताना पाठ करून आलेला.' 'दुसरं पद घेतलंच कशाला?' गोव्याचा श्रोता बोलायला लागला की कुणाची गय करत नाही. लिहायला बसला की मात्र त्याच्या हातून नुसते हार पडतात.

म्हणून एखादा श्रोता उठून 'हा अल्बम दहापैकी सहा, तो साडेआठ, आणि तुम्ही ज्याला डोक्यावर घेतलंय तो चार' असं चारचौघांत सांगून मोकळा होतो, तेव्हा मला त्याचं कौतुक वाटतं. बहुतेकांना राग येतो. कला म्हणजे काय दहावीची परीक्षा आहे? सूर तराजूत घालता येतात? आणि तू कोण लागून गेलास? शेवटचा प्रश्न सगळ्यात खरा, बाकीचे दोन त्याच्यापुढे उभे केलेले देखणे पहारेकरी. माझं म्हणणं असं की हा एकटा, पक्षपाती, आकड्यात बोलणारा श्रोता आपल्याला हवाच आहे. वृत्तांतापेक्षा तर हवाच, पण ज्याला सगळे निःपक्षपाती समजतात त्या हजारो लोकांच्या सरासरीपेक्षाही जास्त हवा.

गुण देण्याचा आपल्याला विटाळ कधी होता? भजन स्पर्धा, घुमट आरती स्पर्धा, फुगडी स्पर्धा, नाट्यस्पर्धा, शिगम्याचे चित्ररथ. चतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या नरकासुरालाही आपण रात्री परीक्षक आणून गुण देतो. देवाच्या नामस्मरणाला गुण चालतात, असुराला चालतात, मग बाजारात पैसे घेऊन विकलेल्या अल्बमलाच काय धाड भरली? खरी अडचण कुठे आहे ते स्पर्धेच्या निकालानंतर कळतं. परीक्षकाचा तक्ता कुणाला दिसत नाही, कुठे किती कापले ते सांगितलं जात नाही, आणि निकालाला ढाल, रोख रक्कम, गावाची अब्रू असं सगळं लटकलेलं असतं. त्यामुळे पुढची दोन वर्षं दोन वाड्यांचं बोलणं बंद. श्रोत्याच्या गुणांना असलं काही लटकलेलं नसतं. त्याच्या आठाने कुणाला ढाल मिळत नाही आणि चाराने कुणाचं अनुदान जात नाही. म्हणून ते मोकळेपणी देता येतात आणि मोकळेपणी नाकारताही येतात.

पण आकडाच कशाला, चार चांगली वाक्यं का नकोत? वाक्यंही हवीतच. फक्त मराठीत कौतुकाच्या शब्दांना इतक्या पळवाटा आहेत की नुसत्या वाक्यांवर माझा भरवसा नाही. 'आश्वासक', 'वेगळा प्रयत्न', 'पुन्हा पुन्हा ऐकावा असा' हे शब्द चार गुणांच्या अल्बमलाही बसतात आणि नऊच्याही. 'सहा' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, उरलेले चार कुठे कापलेस? आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं.

दुसऱ्यांना सांगायचं आणि आपण सोवळ्यात राहायचं, हे बरं नाही. तेव्हा माझे थोडे गुण.

रेमो फर्नांडिस यांचा 'गोवन क्रेझी', 1984. शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून त्यांनी तो ध्वनिमुद्रित केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेट पोचवल्या. मुंबईच्या कंपनीची वाट न बघता गोव्यातल्या माणसाने गोव्यात बसून गोव्याबद्दल अल्बम काढला, ही गोष्ट इतकी झकास आहे की लोक गुण गोष्टीला देतात आणि ते अल्बमच्या खात्यावर जमा होतात. मी सात देते. आपल्याच लोकांची आणि आलेल्या पाहुण्यांची खिल्ली उडवणारा त्यातला खट्याळपणा अजून धारदार आहे. पण आवाज पातळ आहे, एकावर एक चढवलेले थर कुठे कुठे गढूळ होतात, आणि गाण्यांचा क्रम उलटा केला तरी फारसं बिघडत नाही. गोष्टीला दहा, अल्बमला सात. ही दोन खाती वेगळी ठेवली नाहीत तर 'आपला माणूस' म्हणून आठवा, नववा गुण चढत जातो, आणि ज्याने कुणाची मेहेरबानी न घेता अल्बम काढला त्याच्यावर आपण मेहेरबानी करून बसतो.

'शिवकल्याण राजा', 1974. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या निमित्ताने हृदयनाथ आणि लता मंगेशकरांनी केलेला. मंगेशी हे नाव आडनावात असल्यामुळे फोंडा तालुक्यात याला कमी गुण देणं म्हणजे देवळाच्या पायरीवर चपला घालून चढणं. तरी आठ. सतराव्या शतकातले समर्थ रामदास आणि कवी भूषण, विसाव्यातले कुसुमाग्रज अशा वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या बोलींतल्या कवींना एका सुरावटीच्या धाग्यात ओवायचं हे धाडस साधंसुधं नाही. भूषणाच्या ब्रज छंदातला नगाऱ्यासारखा आघात चालीत जसाच्या तसा उतरलाय, आणि लताबाईंचा आवाज वीररसातही कुठे किंचाळत नाही. मग दोन का कापले? मधल्या निवेदनासाठी. पहिल्यांदा ऐकताना ते अंगावर काटा आणतं. पुढे पुढे बोट आपोआप पुढच्या गाण्याकडे जातं. अल्बम ही पुन्हा पुन्हा ऐकायची चीज आहे. जे एकदाच परिणाम करतं त्याची जागा रंगमंचावर.

दहा? माझ्या वहीत पूर्ण दहा एकालाच आहेत, किशोरी आमोणकरांच्या भूपाला. 'प्रथम सूर साधे' आणि 'सहेला रे'. आता म्हणाल, आई मोगूबाई कुर्डीच्या, म्हणजे गोव्याचा गुण आलाच. तर कारणं सांगते. भूप पाच स्वरांचा, शाळेत जाणारी मुलंही तो गातात, आणि म्हणूनच तो अवघड. मध्यम, निषाद नाहीत. धैवतावर जरा जास्त रेंगाळलात की देशकार डोकावतो. किशोरीताई गांधारावर ज्या तऱ्हेने थांबतात, पंचमाकडे बघतात आणि लगेच जात नाहीत, त्यात इतकं नाट्य आहे की शब्दांची गरजच उरत नाही. आणि माझ्या मते तबकडीच्या एका बाजूला मावणाऱ्या वीसबावीस मिनिटांच्या मर्यादेने इथे उपकारच केलेत. मैफलीत हाच राग तासभर फुलला असता. इथे प्रत्येक आलाप मोजून घेतलाय. 'सहेला रे' पेटी शिकणाऱ्या प्रत्येकाने घासून घासून गुळगुळीत केलंय, तरी मूळ तबकडी लावली की ते पुन्हा कोरं होतं.

परक्यांबद्दल थोडक्यात. बीटल्सच्या 1967 च्या 'सार्जंट पेपर'ला सात. कल्पना गाण्यांपेक्षा मोठी. 1969 च्या 'ॲबी रोड'ला नऊ, तेही दुसऱ्या बाजूवर एकात एक मिसळत जाणाऱ्या तुकड्यांसाठी. मायकल जॅक्सनच्या 1982 च्या 'थ्रिलर'ला आठ. नऊ गाण्यांतली सात स्वतंत्रपणे बाजारात येऊन गाजली, आणि त्यातलं सर्वात पहिलं आलेलं, मॅकार्टनीबरोबरचं, माझ्या कानाला सर्वात लेचंपेचं. नाट्यपदांच्या कॅसेटना मी गुणच देत नाही. 'मत्स्यगंधा'तलं एक, 'कट्यार'मधलं एक, मधेच बालगंधर्वांचं एक, अशा गोळा केलेल्या पदांना एकत्र असण्याचं काही कारण नसतं. पदांना सुटे गुण द्यावेत. लोर्नाच्या कोंकणी गाण्यांचंही तेच. ती सुटीच मोठी झाली, लग्नाच्या मांडवात आणि बसमध्ये. उलट 'कॉल ऑफ द व्हॅली' हा 1967 चा शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा अल्बम घ्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत मेंढपाळाचा दिवस, आणि रागही त्या त्या प्रहराचे. क्रम बदलून बघा, संध्याकाळ सकाळच्या आधी येईल. ते संगीत थोडं जास्तच गोंडस आहे असं माझं मत असूनही मी त्याला नऊ देते, कारण अल्बम म्हणजे काय हे आपल्याकडे इतकं नीट फार थोड्यांना उमगलं.

हे गुण चुकीचे आहेत असं तुम्हाला वाटत असेल. वाटू दे. माझा मुद्दा असा की एवढं वाचल्यावर माझ्या खोडी तुम्हाला कळल्यात. मला निवेदन आवडत नाही, क्रमाचं वेड आहे, गोडवा जास्त झाला की मी सावध होते. उद्या मी एखाद्या अल्बमला 'पाच, फार बोलतो' असं म्हटलं, आणि तुम्हाला निवेदन आवडत असेल, तर तो अल्बम तुमच्यासाठीच आहे. अमेरिकेत रॉबर्ट क्रिस्टगाव हे समीक्षक 1969 पासून अल्बमना शाळेतल्यासारखी ए, बी, सी अक्षरं देत आले. त्यांच्याशी आयुष्यभर भांडणारे वाचकही त्यांच्या 'बी'वरून आपल्याला काय आवडेल हे ओळखायला शिकले. आमच्या ओळखीतले एक काका कीबोर्ड वाजला की तीनच्या वर जात नाहीत. त्यांनी तीन दिले की मी तो अल्बम आधी ऐकते.

सरासरीत हे होत नाही. हजार लोकांनी दिलेल्या ताऱ्यांची बेरीज करून आलेला 4.2 हा आकडा कुणाच्याच कानाचा नसतो. ज्याला अल्बम जीव की प्राण वाटला तो आणि ज्याने तो दुसऱ्या गाण्यावर बंद केला तो, दोघेही त्यात बुडालेले. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ 2001 पासून समीक्षकांची अक्षरं, तारे, गुण असं सगळं शंभराच्या मापात ओतून त्यांची सरासरी काढतंय. तो आकडा वाचून एखाद्याशी भांडावंसं वाटत नाही, कारण भांडायला समोर माणूसच नाही. किती वेळा वाजलं याची मोजणी तर त्याहून निर्दय. 2024 पासून स्पॉटिफायने ठरवलं की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला पैशांत वाटा नाही. काणकोणच्या कुणा पोराने बनवलेलं मराठी किंवा कोंकणी गाणं सातशे जणांनी मनापासून एकेकदा ऐकलं, तरी त्या हिशेबात ते शून्यच. अशा गाण्याला वाचवू शकतो तो फक्त नावानिशी 'नऊ' म्हणणारा एखादा हेकट श्रोता.

हेकटपणाने काय होतं याचा फोंडा तालुक्यातलाच दाखला आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी कार्ल सेगन यांची छोटी समिती जगभरातलं संगीत निवडत होती. रॉबर्ट ब्राऊन या संगीतशास्त्रज्ञाने आपल्या यादीत सर्वात वर ठेवलं ते केरीच्या केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो', भैरवीतलं. तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली. ॲन ड्रुयन यांनी न्यूयॉर्कची दुकानं पालथी घातली. ब्राऊनकडे त्यांनी दुसरा राग मागितला, पण तो सुचवायची ब्राऊनची तयारी नव्हती. शेवटी विजेची उपकरणं विकणाऱ्या एका भारतीय दुकानात ती सापडली. यानं निघाली आणि सप्टेंबरमध्येच केसरबाई गेल्या. आता कल्पना करा, त्या वर्षी साऱ्या भारताला मत विचारलं असतं तर कोणतं गाणं गेलं असतं. हिंदी सिनेमातलं एखादं, आणि ते वाईट असतं असंही नाही. पण तीनसाडेतीन मिनिटांची जयपूर घराण्याची जुनी भैरवी बहुमताने कधीच निवडली गेली नसती. एका माणसाच्या यादीतल्या पहिल्या क्रमांकाने ती गेली. या पद्धतीची किंमतही त्याच तबकडीवर दिसते. सत्तावीस संगीतखंडांत भारताचा तो एकच. कर्नाटक संगीत नाही, मोगूबाई नाहीत, लोकगीत नाही. एका माणसाच्या आवडीला जे ऐकू येत नाही ते गळतंच. त्यावर उपाय सरासरी हा नाही. याद्या दहा असाव्यात, आणि त्या एकमेकींशी भांडाव्यात.

मतं बदलतात, मग गुण कशाला, असंही म्हणतात. बदलतातच. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम 1969 मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकाने झोडपला होता. त्याच मासिकाच्या 2003 च्या पाचशे अल्बमच्या यादीत तो एकोणतिसावा आला. त्या यादीत पहिला होता 'सार्जंट पेपर'. 2020 मध्ये यादी नव्याने केली तेव्हा तो चोविसावर घसरला आणि मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला झाला. 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने तर 2021 मध्ये आपलेच जुने गुण उघडपणे बदलले. 'डाफ्ट पंक'च्या 'डिस्कव्हरी'ला दिलेले 6.4 एका रात्रीत 10 झाले. (या दशांशांचं मला हसू येतं. 7.3 आणि 7.4 यांतला फरक ऐकू येणारा कान कुठे मिळत असेल तर तो भजन स्पर्धेला परीक्षक म्हणून आणावा.) हे सगळं गुणपद्धतीचं अपयश म्हणून सांगतात. मला ते तिचं बळ वाटतं. आकडा आणि तारीख लिहिलेली होती म्हणून मत कुठून कुठे गेलं ते दिसलं. 'मंत्रमुग्ध' 1985 मध्येही होतं आणि आजही आहे, त्यामुळे मधल्या काळात काय बदललं ते कुणालाच सांगता येणार नाही.

शिवाय कधी कधी बदलतो तो अल्बमच. जॅझवादक माइल्स डेव्हिसचा 1959 चा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर जरा चढ्या पट्टीत उतरली, आणि 1990 च्या दशकात ती चूक सुधारली गेली. तीसेक वर्षं जगाने ज्याला उत्तमोत्तम म्हटलं ते मुळात वाजलंच नव्हतं तसं. जुन्या पट्टीला सरावलेल्या श्रोत्याने सुधारलेल्या आवृत्तीला अर्धा गुण कमी दिला तर मी त्याला हसणार नाही.

राहिला खरा पेच, आपल्या लहान मुलखाचा. गोव्यात गायक तुमचा मावसभाऊ असतो, त्याचा तबलजी तुमच्या मुलीचा गुरू, आणि प्रकाशनाला पैसे देणारे तुमच्या देवस्थानच्या समितीवर. या जाळ्यात चार गुण द्यायचे म्हणजे पुढच्या चवथीला घरोघरी फिरताना एक दार चुकवावं लागणार. हा पेच मी खोटा म्हणत नाही. म्हणून एक रेघ मी ओढते. जत्रेच्या नाटकात पद म्हणणारा कारकून, सप्ताहात पहाटे तीनच्या पाळीला उभा राहिलेला भजनी, शाळेच्या गॅदरिंगमधली मुलगी, यांना गुण द्यायचे नाहीत. ते आपल्याकडून काही मागत नाहीत. त्यांना ऐकणं हा शेजारधर्म. ज्याने स्टुडिओत जाऊन काम पुरं केलं, त्यावर नाव घातलं आणि लोकांसमोर विकायला किंवा ऐकायला ठेवलं, त्याला मात्र आपण नक्की काय ऐकलं ते सांगणं लागू आहे. आणि खरंच चांगलं करणाऱ्यांचं नुकसान मंत्रमुग्धवाल्यांनीच जास्त केलंय. वर्षानुवर्षं रियाज करून बनवलेल्या अल्बमला आणि वाढदिवसाला हौसेने काढलेल्या अल्बमला एकाच वाक्यात गौरवलं, की पहिल्याने मेहनत कशासाठी केली?

संपादकांना माझी मागणी मोठी नाही. प्रकाशन सोहळ्याचा फोटो छापा, मान्यवरांची नावंही छापा. पण त्याच पानावर तीनशे शब्दांची जागा एखाद्या श्रोत्याला द्या, ज्याने अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलाय आणि जो कलाकाराचा नातेवाईक नाही (गोव्यात असा सापडायला वेळ लागेल, तेवढा द्यावा). शेवटी एक आकडा आणि खाली त्याचं नाव. दर खेपेला तोच माणूस नको, आणि त्याने दिलेल्या आकड्यावर दुसऱ्याने आठवड्याने वेगळा आकडा घातला तर दोन्ही शेजारी शेजारी छापा. कलाकार चिडून पत्र पाठवेल, तेही छापा. मला तर ते सगळ्यात आधी वाचायला आवडेल, विशेषतः त्यात 'तिसऱ्या गाण्याची चाल अशी का केली' हे असेल तर. आणि 'शिवकल्याण राजा'चे दोन गुण ज्यांना खुपले असतील त्यांनी निवेदन वगळून तो पुन्हा एकदा ऐकावा, आणि मग निवेदनासकट त्याला दहा का द्यावेत ते लिहावं.